पणतीएवढा उंदीर

गेल्या वर्षीच्या चावदिवसाची गोष्ट. इन्सुलीच्या आमच्या घरी तुळशीपुढे कारीट फोडून झाले होते, गोड्या पोह्यांपासून ताकातल्या पोह्यांपर्यंत सगळे प्रकार आणि काळ्या वाटाण्यांची उसळ यथास्थित पोटात गेली होती, आणि मी पडवीत आरामखुर्चीवर पडून एक दिवाळी अंक चाळीत होतो. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. हातात वर्तमानपत्राचे चतकोर कात्रण होते. ते त्यांनी माझ्या पुढ्यातल्या अंकावर ठेवले आणि पदर सावरीत विचारले, "भावजी, ह्यां खरां काय?"

मी कात्रण वाचले. स्तनाच्या कर्करोगाला लगाम घालणारे एक प्रथिन शास्त्रज्ञांना सापडले असून उंदरांवरील प्रयोग यशस्वी झाले आहेत, अशा अर्थाची ती चारपाच ओळींची बातमी होती. प्रयोग कुठे झाले, कोणी केले, उंदीर किती, यशस्वी म्हणजे काय, यांपैकी कशाचाही तीत पत्ता नव्हता. मी मान वर केली तो वहिनींचा दुसरा प्रश्न तयार होता, "मगे ह्यां औषध माका कधी गावतलां?"

वहिनींच्या शस्त्रक्रियेला तेव्हा अकरा महिने झाले होते.

मी मराठीचा अध्यापक. गेली वीसएक वर्षे मुलांना संतकाव्य, पंडिती काव्य आणि व्याकरण शिकवतो. शास्त्रीय बातमीतले खरे किती आणि फुगवलेले किती हे सांगण्याचा माझा अधिकार शून्य. पण ज्या घरात एकटा मीच एम.ए. झालेला, त्या घरात मला सगळेच कळते अशी एक समजूत आहे. आणि ती मोडण्याचे धैर्य मला त्या सकाळी झाले नाही. "चौकशी करून सांगतो," असे मी म्हणालो. वहिनींनी कात्रणाची घडी घातली आणि ती गोळ्यांच्या डबीत ठेवून दिली.

इथे थोडे मागचे सांगितले पाहिजे. वहिनींना गाठ लागली ती काजूच्या हंगामात. बोंडे गोळा करण्याचे, बिया सुकवण्याचे दिवस. घरातल्या बाईला श्वास घ्यायला सवड नसते. त्यांनी ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. हंगाम सरला, पाऊस लागला, लावणी झाली, चतुर्थी आली आणि गेली. मग एकदा त्या एका डॉक्टरांकडे गेल्या, तर त्यांनी ती दुधाची गाठ असेल म्हणून शेक द्यायला सांगितले. शेकही झाला. दसऱ्याच्या सुमारास दादांनी मला फोन केला तेव्हा ते फक्त "हिच्या छातीत गाठ आसा" इतकेच बोलू शकले.

ह्या "छातीत" शब्दावर मी पुढे पुष्कळ विचार केला. वर्गात नायिकेच्या सौंदर्यवर्णनाचे श्लोक समजावून सांगताना त्या अवयवासाठी संस्कृतातले अर्धा डझन शब्द मी न अडखळता उच्चारतो. पण घरी, बायकोशी, बहिणीशी, वहिनीशी बोलताना आम्हां मराठी माणसांजवळ एकही शब्द नाही. जो आहे तो एक तर पोथीतला किंवा शिवीतला. शब्द नाही म्हणून प्रश्न विचारता येत नाही, प्रश्न नाही म्हणून डॉक्टर नाही, आणि त्या मुक्या अवधीत गाठ आपले काम करीत राहते. आमच्या घरात सात महिने गेले ते ह्या एका शब्दापायी गेले, असे माझे मत आहे.

असो. इन्सुली हे मुंबई-गोवा रस्त्यावरचे गाव. तपासणी नाक्यामुळे ते लॉरीवाल्यांना ठाऊक आहे. बांदा ओलांडले की गोवा सुरू. आमच्याकडचे आजारी माणूस मुंबईपेक्षा गोव्यालाच लवकर पोचते. वहिनींची शस्त्रक्रिया गोव्यातच झाली, मग किरणोपचार झाले, आणि शेवटी रोज एक गोळी सुरू झाली, ती पाच वर्षे घ्यायची, कदाचित त्याहूनही जास्त. कागदपत्रांच्या फायलीत गाठीच्या तपासणीचा एक अहवाल होता. त्यात इतर बऱ्याच अगम्य मजकुराबरोबर "ई.आर. पॉझिटिव्ह" असे लिहिले होते. पॉझिटिव्ह म्हणजे रोग आहे, एवढाच अर्थ तेव्हा आम्ही घेतला आणि घाबरलो. ही अक्षरे वाचकांनी लक्षात ठेवावी. मला पुढे त्यांच्याकडे परत यावयाचे आहे.

सुट्टी संपवून कॉलेजात गेलो आणि प्राणिशास्त्राच्या आमच्या एका सहकाऱ्यांना गाठले. ते भले गृहस्थ. त्यांनी मधल्या सुट्टीचे चहा बरेच दिवस माझ्यावर खर्च केले, वाचायला निबंध दिले, आणि मी बावळट प्रश्न विचारले तरी हसले नाहीत. त्यांनी सांगितलेले मी माझ्या भाषेत सांगतो.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक पोथी असते. तिच्यात सुमारे वीस हजार पाने आहेत अशी कल्पना करा. एकेक पान म्हणजे एकेक प्रथिन बनवण्याची कृती. पोथी देव्हाऱ्यातली, बाहेर काढायची नाही. लागेल तेव्हा लागेल त्या पानाची नक्कल उतरवून घ्यायची आणि ती नक्कल कामाच्या जागी पाठवायची. डोळ्यातल्या पेशीतली पोथी आणि यकृतातल्या पेशीतली पोथी एकच. फरक पडतो तो कुठली पाने उतरवली जातात आणि कुठली मिटलेली राहतात यामुळे. मग हे ठरवतो कोण? तर त्यासाठी काही खास प्रथिने नेमलेली आहेत. ती पानाच्या आरंभी जाऊन बसतात आणि लेखनिकाला सांगतात, हे उतरव, किंवा ह्याला हात लावू नकोस. इंग्रजीत त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. माणसात अशी सुमारे सोळाशे प्रथिने मोजली गेली आहेत. मराठीत त्यांना "प्रतिलेखन-नियामक घटक" म्हणावे असे कोणीतरी सुचवील. पण मी त्यांना सरळ मुकादम म्हणतो. काम स्वतः करायचे नाही, दुसऱ्याकडून करवून घ्यायचे किंवा थांबवायचे, हे मुकादमाचेच लक्षण.

कर्करोगात पोथीची पाने फाटतात, शाई उतरते; पण पुष्कळदा खरा घोटाळा असतो तो मुकादमांचा. "वाढा, दुभंगा" अशी आज्ञा देणारा मुकादम जागचा हलत नाही, किंवा "थांबा" म्हणणारा नाहीसा होतो. थांबा म्हणणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध पी-५३ नावाचा. १९७९ साली तो सापडला तेव्हा शास्त्रज्ञांनी त्यालाच चोर समजून दहा वर्षे चौकीत बसवले होते. १९८९ च्या सुमारास उमगले की हा चोर नव्हे, राखणदार आहे. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत हा राखणदार जायबंदी झालेला आढळतो.

आता प्रश्न असा की अमुक मुकादम गाठीची वाढ मंद करतो हे ठरवायचे कसे? इथे उंदीर येतो.

उंदीर म्हटला की आम्हां कोकणातल्या माणसांच्या डोळ्यांपुढे दोन उंदीर उभे राहतात. एक माळ्यावरचे भात फस्त करणारा, आणि दुसरा चतुर्थीला गणपतीच्या पायाशी बसणारा. प्रयोगशाळेतला उंदीर ह्या दोहोंपेक्षा निराळा. वजन वीस ते तीस ग्रॅम, शेपूट बाजूला काढली तर पणतीत मावेल एवढा. गर्भ वीसएक दिवसांचा, आयुष्य दोनेक वर्षांचे. मादीला स्तन दहा, आणि त्यांत गाठी होतात त्याही पुष्कळशा माणसासारख्या.

हे पहिल्याने ज्यांच्या लक्षात आले त्यांत एक बाई होती आणि ती शास्त्रज्ञ नव्हती, हे वाचून मला मोठी मौज वाटली. अॅबी लॅथ्रॉप हे तिचे नाव. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅन्बी गावी ती हौशी लोकांना पाळण्यासाठी उंदीर विकीत असे. पुढे प्रयोगशाळाच तिच्याकडून उंदीर घेऊ लागल्या. आपल्या काही उंदरांच्या अंगावर तिला गाठी दिसल्या, तेव्हा त्या फेकून न देता तिने जाणकारांकडे पाठवल्या. लिओ लोब या शास्त्रज्ञाबरोबर तिने मग कोणत्या कुळीत गाठी अधिक होतात, कोणत्या कुळीत कमी, याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. माद्यांचे अंडाशय काढले तर स्तनांच्या गाठी कमी होतात, हेही त्या जोडीने दाखवले. १९१८ साली ती वारली. आमच्या गावात वंशावळी तोंडपाठ असणाऱ्या म्हाताऱ्या असतात. त्यांच्यातलीच ही एक, फक्त वंशावळी उंदरांच्या.

१९३६ साली जॉन बिटनर याने एक साधा प्रयोग केला. गाठी होणाऱ्या कुळीतली पिले जन्मताच उचलून दुसऱ्या, निरोगी कुळीतल्या आईखाली पाजायला ठेवली. त्या पिलांना मोठेपणी गाठी फार कमी झाल्या. म्हणजे रोगाचे काहीतरी बीज आईच्या दुधातून येत होते. तो पुढे विषाणू ठरला.

आणि ह्या विषाणूच्या पाठीमागे जे जगभर लागले त्यांत मुंबईत परळला बसलेली एक मराठी बाई होती. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७; शिक्षण हुजूरपागेत, मग फर्ग्युसन कॉलेजात. लग्नानंतर त्या मुंबईस आल्या आणि टाटा रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कामास लागल्या. खानोलकर हे आपल्याकडच्या विकृतिशास्त्राचे आद्य पुरुष. त्यांचे आडनाव वाचले की आमच्या भागातल्या माणसाचे कान टवकारतात, कारण खानोली वेंगुर्ले तालुक्यात आहे, आमच्यापासून काही तासांचाही रस्ता नाही. १९४९ साली रणदिवेबाईंनी डॉक्टरेट मिळवली. मग त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जगवण्याची विद्या गाय यांच्याइतकी त्या काळी क्वचितच कोणाला साधली होती. बाई ती शिकल्या आणि परत आल्या. १९५२ साली परळला टाटा रुग्णालयाच्या शेजारी भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, खानोलकर त्याचे पहिले संचालक. आणि तिथे बाईंनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या कुळी राखायच्या, त्यांच्या लेकी-नातींच्या नोंदी ठेवायच्या, विषाणू आणि स्त्रीशरीरातले अंतःस्राव मिळून गाठ कशी घडवतात ते पाहायचे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. १९६६ पासून चार वर्षे त्यांनी केंद्राची धुराही वाहिली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या निवर्तल्या.

मला त्यांचे नाव ठाऊक नव्हते, हे कबूल करतो. त्यांच्या काळातल्या कवींची, कथाकारांची जन्मतारखांसकट यादी मी वर्गात सांगतो. पण ज्या काळी परळच्या गिरण्यांचे भोंगे होत होते त्या काळी तिथेच नऊवारीच्या जमान्यातली एक मुलगी उंदरांच्या पिंजऱ्यांत वहिनींच्या रोगाचे मूळ शोधीत होती, हे मला कोणत्याही पुस्तकात कोणी सांगितले नव्हते.

उंदरांसारखा विषाणू बायकांच्याही दुधात असेल का, ही शंका अर्थातच आली. मुंबईच्या पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक, म्हणून पारशी स्त्रियांचे दूध इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. परळच्या सत्यवती सिरसाट यांचा त्यात भाग होता, आणि तो निबंध १९७१ साली 'नेचर' मध्ये आला. विषाणूसारखे कण काही नमुन्यांत दिसले. जगभर खळबळ झाली. पण उंदरातला विषाणू बाईत रोग करतो हे त्यानंतर पक्केपणी सिद्ध झाले नाही. मात्र त्या विषाणूचा दुसराच उपयोग निघाला. त्याच्या अंगी एक कळ आहे, जी उंदराच्या स्तनपेशींत हमखास चालू होते. ती कळ कापून घेऊन तिला हवे ते पान जोडले की ते पान उंदराच्या स्तनांत उतरवले जाते. १९८४ साली अमेरिकेत फिलिप लेडर यांच्या प्रयोगशाळेत मिक नावाचा एक दांडगा मुकादम अशा कळीला जोडला, आणि त्या उंदीरमाद्यांना स्तनांच्या गाठी झाल्या. मुकादम बिघडला तर गाठ होते, हे अशा रीतीने जिवंत प्राण्यात दिसले.

उलटी बाजू, म्हणजे मुकादम आणून बसवला तर गाठ थांबते का, ती आपल्या पुण्यात पाहिली गेली. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तिथे डॉ. समित चट्टोपाध्याय यांनी स्मार-१ नावाच्या एका प्रथिनाचा पाठपुरावा केला. पोथीच्या उपमेत सांगायचे तर हे प्रथिन पोथीचा दोरा जिथे जिथे चौकटीला बांधलेला असतो त्या गाठींवर बसते. दोरा आवळला की आसपासची पाने मिटतात, सैल केला की उघडतात. २००० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. २००३ साली रुचिका कौल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की स्मार-१ हा पी-५३ ह्या राखणदाराच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो, त्याला जागा करतो, पेशीचे दुभंगणे अडवतो आणि उंदरात गाठीची वाढ लांबवतो. त्या गाठी त्वचेच्या काळ्या कर्करोगाच्या होत्या. पुढे २००७ साली त्याच प्रयोगशाळेने पाहिले की स्तनाच्या कर्करोगात हा स्मार-१ घटलेला असतो, आणि तो वाढवला की त्या पेशींची जागा सोडून भटकण्याची खोड कमी होते. गाठीपेक्षा ही भटकण्याची खोडच माणसाला मारते, हे कोणाही डॉक्टराला विचारा.

अशा प्रयोगाची रीत मला सहकाऱ्यांनी कागदावर काढून दाखवली. कर्करोगाच्या पेशी दोन भांड्यांत वाढवायच्या. एकीतल्या पेशींत मुकादमाचे पान जादा घालायचे, दुसरीत नुसता कोरा कागद. कोरा कागद का? तर पान घालण्याच्या खटाटोपानेच पेशी दुबळ्या झाल्या असे कोणी म्हणू नये म्हणून. मग सारख्या वयाच्या, सारख्या कुळीच्या उंदीरमाद्यांचे दोन गट करायचे आणि प्रत्येकीला मोजून तितक्याच पेशी टोचायच्या. पेशी माणसाच्या असतील तर साधा उंदीर त्या झिडकारतो. तिथे केसांवाचूनचा, प्रतिकारशक्ती लुळी असलेला उंदीर लागतो. असा उंदीर १९६२ साली ग्लासगोत आपोआप जन्मला, आणि १९६९ मध्ये त्याच्या अंगावर माणसाची गाठ रुजली. यापुढे ठरलेल्या दिवशी सोनाराकडे असते तशा मापपट्टीने गाठीची लांबी-रुंदी घ्यायची. लांबीला रुंदीच्या वर्गाने गुणून दोनाने भागले की आकारमान. मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे ठाऊक नसलेले बरे, कारण आशा मापपट्टीचे दात सरकवते. शेवटी दोन रेघा काढायच्या. कोऱ्या कागदाची रेघ चढत जाते, मुकादमाची तिच्या खालून रेंगाळत जाते. ह्या दोन रेघांमधले अंतर म्हणजे बातमीतला "यशस्वी" शब्द.

हे सगळे मनमानी करता येत नाही. आपल्याकडे प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. त्याखालच्या समितीचे नियम आहेत, प्रत्येक संस्थेत नैतिक समिती असते, किती उंदीर आणि का हे आधी लिहून द्यावे लागते, गाठ फार मोठी होऊ द्यायची नसते. तरीही शेवटी उंदीर मरतात, दोन्ही गटांतले. गाठ बाहेर काढून तपासल्यावाचून निकाल पुरा होत नाही.

परदेशांतही हेच चालू आहे. सॅन फ्रॅन्सिस्कोला झेना वर्ब यांच्या प्रयोगशाळेने २००८ साली गाटा-३ या मुकादमाविषयी असे दाखवले की उंदराच्या स्तनातली गाठ जसजशी दांडगी होते तसतसा तो नाहीसा होतो, आणि परत बसवला तर पेशी पुन्हा माणसाळतात व त्यांची पांगापांग फार कमी होते. बायकांच्या स्तनांच्या गाठींतही सुमारे दहांत एकीत गाटा-३ चे पान बिघडलेले असते.

मग वहिनींना औषध का नाही? मी अगदी ह्याच शब्दांत विचारले. सहकारी म्हणाले, मुकादम हा प्रथिन आहे. गोळी करून दिलात तर पोटात डाळीसारखा पचून जाईल. त्याचे पान प्रत्येक रोगी पेशीत नेऊन घालावे, तर काचेच्या भांड्यात हे होते, माणसाच्या अंगात कोट्यवधी पेशींत होत नाही. जादा झालेल्या मुकादमाला बाहेर काढणे त्यातल्या त्यात सोपे. हरवलेल्याला परत आणणे फार कठीण. आणि दुसरे असे की उंदीर बरा झाला म्हणून माणूस बरा होईलच असे नाही. १९९८ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर अशीच बातमी छापली होती. डॉ. ज्युडा फोकमन यांच्या औषधांनी उंदरांतल्या गाठी विरघळल्या होत्या. औषध काढणाऱ्या कंपनीचे शेअर एका दिवसात आकाशाला भिडले, रोग्यांनी दवाखान्यांत रांगा लावल्या. माणसांवर प्रयोग झाले तेव्हा तो चमत्कार दिसला नाही.

हे ऐकून मी खट्टू झालो. वहिनींना सांगायला हाती काहीच नव्हते. निघता निघता सहज विचारले, "तुम्ही जादा झालेल्या मुकादमाला बाहेर काढणे सोपे म्हणालात. तसा एखादा काढला आहे का कोणी?"

त्यांनी मला विचारले, "तुमच्या वहिनी कुठली गोळी घेतात?"

मी म्हणालो, "टॅमॉक्सिफेन."

"अहवालात ई.आर. पॉझिटिव्ह आहे ना?"

मी हो म्हणालो. मग त्यांनी मला पुन्हा खाली बसवले.

ई.आर. म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. इस्ट्रोजेन हा अंडाशयातून येणारा स्त्रीत्वाचा अंतःस्राव. तो येऊन ज्या प्रथिनाच्या खोबणीत बसतो ते हे प्रथिन. आणि खोबणीत इस्ट्रोजेन बसला की हे प्रथिन पोथीच्या पानांवर जाऊन "वाढा" म्हणून ओरडू लागते. म्हणजे तोही मुकादमच, ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर! टॅमॉक्सिफेन काय करते, तर त्याच खोबणीत आधी जाऊन बसते आणि मुकादमाचे तोंड वाकडे करते. सोळाशे मुकादमांत गोळीला हात घालता येईल अशी खोबण फार थोड्यांना आहे. याला ती आहे, हे बायकांचे नशीब. ज्याला आम्ही पॉझिटिव्ह म्हणून घाबरलो होतो तो शब्द वास्तविक चांगली बातमी होता. ती आम्हांला समजावून सांगायला कोणाला वेळ झाला नव्हता, आणि आम्हांला विचारायचे सुचले नव्हते.

ह्या गोळीचा इतिहास तर एखाद्या फार्सात शोभावा. इंग्लंडातल्या आय.सी.आय. कंपनीत साठीच्या दशकात गर्भधारणा रोखणारी गोळी शोधत होते. डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी हे द्रव्य बनवले. मोठ्या उंदरांच्या माद्यांत ते दिले तर गर्भ राहीना, सगळे खूष. बायकांना दिले तर उलट बीजांड सुटायला मदत होऊ लागली! गर्भ रोखायला काढलेली गोळी गर्भ राहायला उपयोगी. ती फडताळातच पडायची. पण आर्थर वॉलपोल या गृहस्थाचा तिच्यावर लोभ होता. क्रेग जॉर्डन या तरुण संशोधकाने अमेरिकेत वुस्टर फाउंडेशनमध्ये १९७२ नंतर तिचा प्रयोग स्तनांच्या गाठी होणाऱ्या मोठ्या उंदरांवर केला, आणि गाठी थांबल्या. इंग्लंडात १९७३ साली आणि अमेरिकेत १९७७ च्या अखेरीस तिला स्तनाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली. पुढे हजारो स्त्रियांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा कळले की ई.आर. असलेल्या बायकांत पाच वर्षे ही गोळी घेतल्याने ह्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. गंमत अशी की पणतीएवढ्या लहान उंदरात हेच द्रव्य पुष्कळसे इस्ट्रोजेनसारखेच वागते. नुसत्या त्या एका उंदरावर विसंबले असते तर ही गोळी आज नसती. गोळी निर्दोष नाही. अंगाची लाही होते, रक्त गोठण्याचा आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो; म्हणून अंगावरून काही वेगळे जाऊ लागले तर लगेच सांगावे लागते. हेही वहिनींना सांगायचे म्हणून मी टिपून घेतले.

यंदा चतुर्थीला घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी भजनीमंडळी जेवून पांगली, दादा माजघरात लवंडले. वहिनी माटोळीखाली बसून वाती वळीत होत्या. मी त्यांना सगळे सांगितले. पोथी, मुकादम, ग्रॅन्बीची म्हातारी, परळच्या रणदिवेबाई, पुण्याचा प्रयोग. त्या मधून मधून "हां" म्हणत होत्या. कात्रणातले औषध अजून कोणाला मिळण्यासारखे नाही, हे सांगताना माझा आवाज खाली गेला. त्यांनी वातीवरची नजर काढली नाही. मग मी गोळीची हकीकत सांगितली, तेव्हा मात्र त्यांनी हात थांबवले.

"म्हणजे मी उंदराचांच औषध खातंय काय इतके दिवस?"

"तसेच म्हणा," मी म्हणालो.

त्या हसल्या. पुष्कळ दिवसांनी मी त्यांना तसे हसताना पाहिले. मग थोड्या वेळाने विचारले, "त्या उंदरांचां मगे काय झालां?"

मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. अंगावरून जाण्याची ती गोष्ट मी दोनदा ओठांवर आणून गिळली. शेवटी "छातीत"च्या सात महिन्यांची आठवण झाली आणि मान खाली घालून का होईना, सरळ शब्दांत सांगून टाकली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तसां काय नाय. झालां तर सांगान."

संध्याकाळी आरतीनंतर त्यांनी डबी उघडली. कात्रण अजून तिथेच होते. गोळ्यांच्या पट्टीत चारच उरल्या होत्या. बांद्याच्या दुकानात त्या संपल्या आहेत, उद्या सावंतवाडीस जाणार असाल तर दोन महिन्यांच्या घेऊन या, असे त्यांनी सांगितले, आणि पट्टीचा रिकामा तुकडा कापून नावासाठी माझ्या हातात दिला.